नळाच्या थेंबातून गाणं : लोकप्रिय संगीत, मोबाइल आणि सामाजिक प्रश्न वर्गात एकत्र आणताना

गाजलेल्या गाण्याच्या चालीवर ‘पाणी वाचवा’, ‘झाडं लावा’ असे शब्द बसवायचे, मुलांकडून ते पाठ करून घ्यायचं आणि मोबाइलवर चित्रित करून टाकायचं, हा प्रकार नवख्या संगीत शिक्षकाला सोपा वाटतो. त्यात लोकप्रिय गाणं आहे, डिजिटल माध्यम आहे, सामाजिक प्रश्नही आहे. फक्त संगीताचं शिक्षण नाही. चाल दुसऱ्याची, विचार फलकावरचा आणि मुलांनी स्वतः ऐकून निवडलेलं असं त्यात काहीच नाही.

इथे दिलेली पद्धत वेगळ्या टोकापासून सुरू होते. प्रश्न शब्दांत सांगण्याआधी तो लयीत आणि आवाजात सापडला पाहिजे. मुलांच्या हातून दीड मिनिटाची स्वतःची रचना तयार करून घ्यायची आहे. वयोगट ११ ते १५, चार-पाच जणांचे गट, ४० मिनिटांच्या आठ तासिका आणि हाताशी एक राखीव. ही राखीव तासिका लागतेच, बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाच्या दिवशी.

सामान थोडकं आहे. प्रत्येक गटाला एक मोबाइल, तारेचा एक इअरफोन, सगळ्यांत मिळून एक संगणक आणि एक स्पीकर. संगणकावर ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित आणि संपादित करण्याचं मोफत सॉफ्टवेअर बसवून ठेवा. कीबोर्ड किंवा हार्मोनियम असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडत नाही. इअरफोन तारेचाच का, ते ध्वनिमुद्रणाच्या पायरीत येईल.

पहिली पायरी : गाणं मुलांनी निवडायचं, चाळणी तुम्ही लावायची

प्रत्येकाने सध्या सर्वांत जास्त ऐकत असलेलं एक गाणं चिठ्ठीवर लिहायचं. नाव लिहायचं नाही, कारण नाव लिहिलं की मुलं शिक्षकांना आवडेल ते लिहितात. चिठ्ठ्या घरी नेऊन प्रत्येक गाणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐका. मुखडा निरागस आणि तिसऱ्या कडव्यात नको ते, असं पुष्कळदा निघतं. उरलेल्यांतून दोन गाणी निवडा. त्यांची लय स्थिर हवी, वाद्यांचे थर वेगवेगळे ऐकू यायला हवेत आणि पुन्हा पुन्हा येणारा मुखडा हवा.

निवडलेलं गाणं तुम्हाला स्वतःला आवडलं नाही तरी त्याची टर उडवू नका. त्याहून मोठी चूक म्हणजे ते केवळ आमिष म्हणून वापरणं. पहिल्या पाच मिनिटांत मुलांचं गाणं वाजवायचं आणि मग ‘आता खऱ्या संगीताकडे वळू’ म्हणायचं, हे मुलांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात. ते गाणं म्हणजेच त्या दिवसाचा धडा आहे. तितक्याच गंभीरपणे ते उलगडा.

दुसरी पायरी : गाणं उलगडणं

चित्रफीत बंद ठेवा, फक्त आवाज लावा. पहिल्यांदा कुणीही बोलायचं नाही. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी पायाने ठेका धरायचा आणि प्रत्येक गटातल्या एकाने १५ सेकंदांतले ठोके मोजायचे. त्याला चारने गुणलं की मिनिटाला किती ठोके ते कळतं. काही मुलं ७२ म्हणतील, काही १४४. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण अर्ध्यांनी लय दुप्पट धरलेली असते. हा गोंधळ मिटवण्याची घाई करू नका. दुगुन म्हणजे काय, हे समजावण्याची याहून चांगली वेळ येत नाही.

तिसऱ्या ऐकण्यात गटांना कामं वाटून द्या. एका गटाने फक्त तालवाद्य ऐकायचं, दुसऱ्याने खालचा खर्जातला आवाज, तिसऱ्याने गायकाच्या श्वासाच्या जागा. एका गटाला नेहमी हा प्रश्न द्या : कोणत्या सेकंदाला काय *बंद* होतं? मुलांचं लक्ष सुरू होणाऱ्या गोष्टींकडे जातं. पण मुखड्याच्या आधी तालवाद्य थांबवून निर्माण केलेली ओढ हाच पुष्कळ गाण्यांचा कणा असतो. प्रत्येक गटाने कागदावर आडवी रेघ ओढून सेकंद मांडायचे आणि खाली आपलं निरीक्षण नोंदवायचं. रचनेच्या वेळी हाच कागद पुन्हा लागणार आहे.

आता माध्यमाकडे वळा. गाणं सुरू झाल्यापासून मुखडा किती सेकंदांनी येतो, हे घड्याळ लावून मोजा. मग वीस-तीस वर्षं जुन्या एखाद्या गाण्याचं मोजा. फरक पडला तर का पडला असेल, ते मुलांनाच विचारा. इथे एक माहिती उपयोगी पडते. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या अॅपवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक वेळ ऐकलं गेलं असं धरतात. एकतिसाव्या सेकंदापर्यंत ऐकणाऱ्याला थोपवून धरायचं असेल तर तुम्ही मुखडा कुठे ठेवाल? मुलं पटकन उत्तर देतात, आणि गाण्याचा आकार केवळ संगीतकाराच्या मनातून येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

वेळ उरला तर एक प्रयोग जरूर करा. जिना चढणाऱ्या पावलांची २० सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर घ्या, चेहरे दिसू देऊ नका. तिच्यामागे एकदा संथ तंतुवाद्य, एकदा जोरकस ताल आणि एकदा पूर्ण शांतता ठेवून दाखवा. पावलं तीच असतात, पण ‘कोण चाललंय आणि कुठे’ याची उत्तरं तीन वेळा वेगळी येतात. बातम्या, जाहिराती आणि छोट्या चित्रफितींमधलं संगीत आपल्याला काय वाटायला लावतं, हे यानंतर मुलं आपणहून बघू लागतात.

तिसरी पायरी : हाताच्या अंतरावरचा प्रश्न

‘पर्यावरण’ हा विषय नको, ‘जगात शांतता’ नको. प्रश्न असा हवा की मुलं तो या आठवड्यात स्वतः जाऊन पाहू, मोजू किंवा ऐकू शकतील. गळका नळ. वर्गातला गोंगाट. दिवसभर वाजणारे मोबाइलचे सूचना-आवाज. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला जिना किती वेळ घेतो. अशा प्रश्नांना आपला स्वतःचा आवाज असतो, आणि संगीताच्या दृष्टीने ते फार मोलाचं आहे.

गळक्या नळाचं उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. नळाखाली मोजपात्र ठेवा आणि बरोबर ५ मिनिटं पाणी जमवा. त्याच वेळी मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. ३० मिलिलीटर जमलं तर २८८ ने गुणा, कारण दिवसात पाच मिनिटांचे २८८ तुकडे असतात. ८,६४० मिलिलीटर, म्हणजे दिवसाला साडेआठ लिटरांहून जास्त. हा आकडा गाण्यात घालायचा की नाही, ते मुलं ठरवतील. थेंबांचा आकडा मात्र घालायचाच, कारण मिनिटाला ९६ थेंब पडत असतील तर तुमच्या रचनेची लय मिनिटाला ९६ ठोके. मुलांना ही गोष्ट फार आवडते आणि आवडावी अशीच आहे : प्रश्नाने स्वतःच आपली लय सांगितली.

विषय नाजूक असेल तर सावध राहा. चिडवणं, घरातली भांडणं, शरीरावरून बोलणं असे विषय मुलं स्वतःहून आणतील. वर्गातल्या कुणाचीही खरी गोष्ट, नाव बदलूनही, गाण्यात घेऊ नका, बाकीची मुलं तिला ओळखतात. एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितलं तर ते गाण्याचं साहित्य नाही. प्रश्नांची सरबत्ती न करता शांतपणे ऐकून घ्या आणि त्याच दिवशी समुपदेशक किंवा जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही.

चौथी पायरी : ठेका आणि आवर्तन

थेंबाचा आवाज मोबाइलवर मुद्रित करा. खरे थेंब अगदी समान अंतराने पडत नाहीत, त्यामुळे मिनिटभराचं मुद्रण जसंच्या तसं वापरलं तर गाणारे भरकटतात. त्यातला एकच स्वच्छ थेंब कापून घ्या आणि ऑडॅसिटीत ९६ च्या लयीवर पुन्हा पुन्हा मांडा.

तुकडा कापून त्याचं आवर्तन करणं ही संगणकामुळे आलेली युक्ती नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका मेजवानीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या. तो दिवस हिपहॉप या संगीतप्रकाराचा जन्मदिवस मानला जातो. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लागला की लोक सर्वांत जास्त नाचतात, हे हेरून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती रेकॉर्ड फिरवणाऱ्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबवण्याची रीत काढली. मुलांना हे सांगताना मुद्दा तारखेचा नाही. बारकाईने ऐकणाऱ्याने तयार गाण्यातून नवं वाद्य काढलं, हा मुद्दा आहे. तुमची मुलं थेंबाचं तेच करत आहेत.

हिशेब फळ्यावर लिहा. ९६ च्या लयीत चार ठोक्यांचं एक आवर्तन अडीच सेकंदांचं होतं. सुरुवात ४ आवर्तनं, मुखडा ४, अंतरा ८, मुखडा ४, दुसरा अंतरा ८ आणि शेवटी मुखडा दोनदा म्हणजे ८. एकूण ३६ आवर्तनं, बरोबर ९० सेकंद. हा आराखडा मोडायला हरकत नाही, पण आधी तो डोळ्यांसमोर असू द्या. आराखड्याशिवाय बसलेला गट सहाव्या तासिकेपर्यंत सुरुवातच करत राहतो.

थेंबाखाली टाळ्या, बाकावरची थाप, रिकामी बादली असे दोन थर पुरेत. तीनपेक्षा जास्त थर झाले की शब्द बुडतात. विषय गोंगाटाचा असेल तर मात्र हीच चूक मुद्दाम करा : प्रत्येक अंतऱ्याला एक थर वाढवत न्या, शेवटच्या अंतऱ्यात गाणारा ऐकूच येऊ नये, आणि मग सगळं एकदम थांबवा. गोंगाट वाईट, असं एकदाही म्हणावं लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. सहा गट एका खोलीत वाजवू लागले तर कुणालाच काही ऐकू येत नाही. दोन गट आत, बाकीचे बाहेर, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मुलांसाठी सुरक्षित मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे.

पाचवी पायरी : शब्द

इथे एक घोटाळा आधीच टाळा. तालातली मात्रा आणि छंदातली मात्रा यांना आपण एकच शब्द वापरतो. वर्गापुरतं तालाच्या मात्रेला ‘ठोका’ म्हणा आणि अक्षरांच्या मापाला ‘मात्रा’ : ऱ्हस्व एक, दीर्घ दोन.

एका आवर्तनात चार ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की १६ घरं होतात. या घरांत ओळ बसवायची. उदाहरणार्थ :

रात्री सगळे निजले तरी
एक थेंब जागा

पहिल्या ओळीच्या मात्रा ४, ४, ४ आणि ३, म्हणजे १५. एक घर श्वासाला उरतं. दुसऱ्या ओळीच्या ३, ३ आणि ४, म्हणजे १०. सहा घरं रिकामी राहतात आणि त्या मोकळ्या जागेत खरा थेंब ऐकू येतो. नवखी मुलं ती जागा ‘वाया गेली’ म्हणून शब्दांनी भरून टाकतात. भरू देऊ नका. दुसऱ्या पायरीतला कागद काढा आणि त्यांच्या आवडत्या गाण्यात गायक कुठे कुठे गप्प बसला आहे, ते दाखवा.

हा वेग रॅपसाठी ठीक आहे. गायचं असेल तर तीच ओळ दोन आवर्तनांत पसरा, नाहीतर अक्षरं गिळली जातात.

ओळी तपासायला एक साधी कसोटी आहे : ही ओळ भिंतीवरच्या फलकावर शोभेल का? शोभत असेल तर ती खोडा. ‘पाणी म्हणजे जीवन’ खोडा. ‘बादली भरली, कुणी पाहिली नाही’ ठेवा. ‘आपण’, ‘सर्वांनी’, ‘चला’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात बंदच ठेवा. त्यांच्याशिवाय लिहायला बसलं की मुलांना नळ, बादली, वेळ, माणूस यांच्याकडे पाहावंच लागतं. एआयकडून यमकांची यादी मागायला हरकत नाही. पूर्ण ओळी मात्र मागू नयेत, ऐकून-मोजून आलेले शब्द एआयकडे नसतात.

सहावी पायरी : चाल

पाच स्वर पुरतात : सा, रे, ग, प, ध. यांतल्या कुणाचीही कुणाशी फारशी कुरकुर होत नाही, त्यामुळे चुकलेलंही कानाला खुपत नाही. मुखडा पाच-सहा स्वरांच्या पट्ट्यातच ठेवा. कीबोर्ड असेल तर सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) फेरी वाजवा. असंख्य लोकप्रिय गाणी याच फेरीवर उभी आहेत, आणि मुलं ती ओळखून आपापली आवडती गाणी तिच्यावर म्हणू लागतील. म्हणू द्या, दहा मिनिटं.

सर्वांत जास्त गाडं अडतं ते पट्टीवर. गाजलेल्या गाण्यांची पट्टी प्रौढ गायकाच्या गळ्याची असते. मुलं तीच धरतात आणि मुखड्यात किंचाळतात किंवा खाली पुटपुटतात. कीबोर्डच्या मधल्या सीपासून वरच्या डीपर्यंतचा पल्ला बहुतेकांना जमतो, चाल त्यातच राहील असा सा धरा. १२ ते १४ वयातल्या ज्या मुलांचा आवाज फुटतो आहे त्यांना खालच्या सप्तकात किंवा बोललेल्या ओळींत घ्या. ‘तू नुसता उभा राहा’ असं कधीही म्हणू नका. त्या वाक्याने गाणं कायमचं सोडलेली माणसं पुष्कळ आहेत.

सातवी पायरी : ध्वनिमुद्रण

मोबाइल विमान-मोडवर, पंखा बंद, खिडक्या बंद. कपडे, पडदे किंवा पुस्तकं असलेली लहान खोली निवडा. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज नंतर नीट काढता येत नाही. मोबाइल तोंडापासून २० ते ३० सेंटीमीटरवर, समोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट माइकवर बसत नाही.

ठेक्याचा ट्रॅक गाणाऱ्याच्या कानात वाजला पाहिजे, स्पीकरवर नाही. स्पीकरवर लावला तर तो गाण्याच्या मुद्रणात शिरतो आणि मग गाण्याचा आवाज नीट वेगळा करता येत नाही. ब्लूटूथ इअरफोनला आवाज पोहोचायला सेकंदाचा पाचवा भागही लागू शकतो. ९६ च्या लयीत एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, म्हणजे गाणारा जवळजवळ एकतृतीयांश ठोका मागे पडतो आणि बिचाऱ्याला वाटतं की आपल्याला लय नाही. म्हणून तारेचा इअरफोन.

प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवा, मग ट्रॅकच्या चार ठोक्यांवर एक टाळी. शांतता नंतर खरखर कमी करायला लागते, टाळी ट्रॅक जुळवायला. आवाजाची पातळी वर जाऊन सपाट कापली जात असेल तर मोबाइल दूर न्या. उणे ६ डेसिबलच्या आसपासची शिखरं योग्य. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. प्रत्येक भाग तीनदा घ्या, त्याहून जास्त नको. चौथ्या वेळेपासून मुलं थकतात आणि गाणं यांत्रिक होतं.

फाइल संगणकावर नेताना व्हॉट्सअॅपवरून व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, दर्जा घसरतो. तारेने न्या किंवा दस्तऐवज म्हणून पाठवा. फोनने एम४ए प्रकारची फाइल केली असेल तर विंडोजवरची ऑडॅसिटी एफएफएमपेग ही जोड बसवल्याशिवाय ती उघडत नाही. जमल्यास आधीच डब्ल्यूएव्ही प्रकार निवडा.

आठवी पायरी : जुळणी

टाळीचं उंच शिखर ठेक्याच्या ठोक्याखाली सरकवा. शांततेचे दोन सेकंद निवडून ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शन या खरखर कमी करण्याच्या सोयीत त्यांचा नमुना घ्या, मग पूर्ण ट्रॅक निवडून परिणाम लावा. १२ डेसिबलपासून सुरुवात करा. लोभाने वाढवत गेलात तर आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. गाणारा ठेक्यापेक्षा वर असू द्या. स्पीकरवर, इअरफोनवर आणि मोबाइलच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर असं तीन ठिकाणी ऐका. छोट्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत.

शेवटी एक्स्पोर्ट करायला विसरू नका. नुसतं सेव्ह केलं तर ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल तयार होते, ती मोबाइलवर वाजत नाही.

बाहेर पाठवण्याआधी

रचनेवर हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. ‘काही सेकंद वापरले तर चालतं’ ही सर्वत्र पसरलेली समजूत खोटी आहे, अशी ठरावीक सेकंदांची सूट नाही. कराओके ट्रॅकही कुणाच्या तरी मालकीचा असतो. वर्गात शिकवण्यासाठी देशोदेशी सवलती असतात, पण ती सवलत इंटरनेटवर टाकण्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायला मोकळं केलेलं संगीत घेतलं तर परवान्याचं पूर्ण नाव वाचा. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज) असेल तर त्यात बदल करून प्रसिद्ध करता येत नाही, आणि चित्रफितीला ते जोडणं हाही बदलच धरला जातो. थेंब, टाळी आणि बादली तुमची स्वतःची असेल तर हा सगळा घोर मिटतो.

मुलांचे चेहरे, पूर्ण नावं, गणवेशावरचं चिन्ह चित्रफितीत नको. फाइलच्या नावात मुलाचं नाव नको. कॅमेऱ्याची स्थान-नोंद बंद ठेवा. पालकांची लेखी परवानगी घ्याच, पण मुलालाही वेगळं विचारा, आणि नंतर ‘काढून टाका’ म्हणालं तर काढा. अनेक समाजमाध्यमांवर खात्यासाठी किमान वय १३ आहे, म्हणून मुलांच्या खात्यावरून काही टाकू नये. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून दुवा फक्त पालकांना दिला तर बहुतेक हेतू साधतात. मुलांचे आवाज नक्कल करणाऱ्या कोणत्याही एआय साधनाला देऊ नका.

ऐकवणं

दुसऱ्या गटाला आधी शब्दांशिवायचा ट्रॅक ऐकवा आणि विचारा : काय ऐकू आलं, काय वाटलं? कुणी ‘काहीतरी वाया जातंय’, ‘कुणीतरी जागं आहे’ असं म्हणालं तर रचना जमली. ‘छान बीट आहे’ एवढंच आलं तर थर, लय किंवा मोकळ्या जागा पुन्हा तपासा. गुण द्यायचेच असतील तर ऐकण्याच्या कागदाला आणि या दुरुस्तीला द्या. गोड गळ्याला वेगळे गुण नकोत.

मग ज्याच्या हातात नळ दुरुस्त करणं आहे, त्या माणसाला बोलावून पूर्ण गाणं ऐकवा. आठवड्याने त्याच नळाशी जाऊन थेंब पुन्हा मोजा. आकडा बदलला असेल तर शेवटचा मुखडा त्या नव्या लयीत पुन्हा मुद्रित करा. थेंब थांबलाच असेल, तर त्या जागी चार आवर्तनं मोकळी सोडा.